अक्का अकेली

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अक्कांनी मला बोर्डावरून उठवलं. मी सात-आठ वेळा 'नंबर प्लीज' म्हटलं असेल, तेवढ्यात त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "पोरी, तू नंबर मागतीस का उसनी साखर मागतीस?" मग मला खिडकीपाशी नेऊन ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. खालच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या टांगेवाल्याला ऐकू गेलं पाहिजे, पण तो दचकता कामा नये, अशी अट होती. एकोणिसाव्या वेळी त्या माणसानं मान वर करून शांतपणे बघितलं. तेव्हा कुठं मला परत खुर्चीवर बसू दिलं.

सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी लागले ती दुष्काळ नुकताच मागं पडला होता त्या वर्षी. परगावी फोन करायचा तर लोक आमच्याकडे नंबर नोंदवायचे आणि आम्ही बोर्डावर प्लग जोडून अकलूजला, मंगळवेढ्याला, पुण्या-मुंबईला लाईन लावून द्यायचो. अक्का तिथं बारा-चौदा वर्षं होत्या. चाळिशीच्या, उंच, सावळ्या, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. वयानं थोर असलेले आमचे साहेबसुद्धा त्यांना अक्का म्हणत. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. लग्न होऊन वर्षभर सासरी राहिल्या आणि एके दिवशी ट्रंक उचलून परत आल्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मारझोड न्हाय, उपाशी ठेवणं न्हाय. त्या घरात कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं, एवढंच." आणि त्याच सुरात पुढं म्हणाल्या, "तुझ्या डब्यातलं लोणचं दे जरा."

अक्का गाणी रचायच्या आणि गायच्या. जुन्या ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायच्या. त्यांच्या कपाटात फायलींच्या मागे एक तुणतुणं ठेवलेलं असे, मांजरपाटाच्या पिशवीत. बाईमाणसानं, त्यातून सरकारी नोकरीतल्या बाईनं तुणतुणं वाजवावं याची तेव्हा लोकांना लाजच वाटायची. ते वाद्य शाहिराच्या मागं उभ्या राहणाऱ्यांचं. अक्कांचे वडील तसेच मागं उभं राहणारे होते. पुढं शाहीर ओळ म्हणायचा, आणि ओळ संपली की हे मागून चढ्या आवाजात 'जी जी रं जी' करून ती उचलून धरायचे. त्याला झील म्हणतात. पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या ओळींना झील धरली. एक ओळ कधी स्वतः पुढं होऊन म्हटली नाही. मी नोकरीला लागायच्या आधीच ते वारले होते. तुणतुणं त्यांचंच.

ते जुळवायची अक्कांची पद्धत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. जेवणाच्या खोलीत एक काळा फोन होता. त्याचा रिसीव्हर उचलून त्या टेबलावर आडवा ठेवत. डायल टोन सुरू झाला की त्या सुराला तार पिळून लावत. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "हसतीस काय? हा सूर कधी रजेवर जात न्हाय." साहेबांनी एकदा गमतीनं म्हटलं की अक्का, तुमचं तुणतुणं आता पुरे करा. त्यावर अक्का म्हणाल्या की साहेब, याला एकच तार असती, म्हणून ते दुसऱ्याचं वाजवायला जात न्हाय. साहेबांना ते टोचलं की नाही, कळलं नाही. ते हसले.

स्वभाव मात्र सोपा नव्हता. कौतुक करणं त्यांना जमतच नसे. गाणं ऐकताना कुणी डोळे मिटले तर त्या गाणं थांबवायच्या, म्हणायच्या, झोपायचं असेल तर घरी जा. स्वतःच्या गाण्यातला एक शब्द बदलायला त्यांना तीन-तीन महिने लागत. 'भांडं' म्हणावं की 'तांब्या', यावर त्यांनी आम्हा चौघीजणींना एका संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत छळलं होतं. शेवटी गाणं झालं ते असं:

सासरच्या घरी बाई, भांडं बी वाजत न्हाई,
मी हसले एक दिशी, कुणी मान वळवली न्हाई.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, अक्का मधेच विसरतायत. कारण प्रत्येक ओळ संपली की त्या थांबायच्या. तार वाजत राहायची, आवाज बंद. मग पुढची ओळ. चार-पाच गाणी ऐकल्यावर कळलं की ते विसरणं नव्हतं. झील जिथं यायची, तेवढी जागा त्या मोकळी सोडत होत्या.

दुपारी दोन ते तीन बाजारपेठ जेवायला जायची आणि बोर्ड थंड पडायचा. त्या वेळात अक्का गायच्या. तुणतुणं बोर्डाच्या खोलीत न्यायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता, म्हणून नुसत्या आवाजावर. पण ऐकणाऱ्या आम्ही एकट्या नव्हतो. मंगळवेढ्याच्या एक्स्चेंजवर एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना आम्ही काका म्हणायचो. अकलूजला सुलभा नावाची माझ्याच वयाची मुलगी होती. वेळापूरला पोस्टातलेच एक जण फोन बघायचे. दोन वाजले की ही मंडळी आपणहून लाईनवर यायची. आम्ही सगळ्यांचे प्लग एकत्र जोडायचो आणि अक्का हळू आवाजात सुरू करायच्या. काकांनी अक्कांना आणि अक्कांनी काकांना कधी पाहिलं नव्हतं. काकांचं आवडतं गाणं होतं ते आमच्याच कामावरचं:

कोण बोलतंय, कोण बोलतंय, नाव सांगा की बाई,
आवाज वळखीचा वाटतो, मानूस आठवत न्हाई.

एके दुपारी हे गाणं चालू असताना एका सूतव्यापाऱ्यानं अकलूजचा अर्जंट कॉल मागितला. बोर्डावर मी होते. अकलूजची लाईन गाण्यात अडकलेली, आणि मी ऐकण्यात. वीस मिनिटं गेली. त्या माणसाची आई अकलूजला दवाखान्यात होती. सुदैवानं तिला पुढं बरं वाटलं, पण ती वीस मिनिटं त्यानं कशी काढली असतील ती काढली. लाईन लागली तेव्हा त्याच्या कानावर गाण्याची शेवटची ओळ पडली. त्यानं लेखी तक्रार केली.

चौकशीत साहेबांनी अक्कांना सुचवलं की लाईनमध्ये बिघाड होता असं लिहून द्या, मी बघतो. माझं नाव तर कुणी घेतलंच नव्हतं. अक्कांनी ते येऊही दिलं नाही. आपल्या गोल अक्षरात त्यांनी जबाब लिहिला, आणि तो मला पाठ आहे: "मी गाणं गायले हे खरं आहे. त्या वेळात एका माणसाला आईची खबर मिळाली नाही हेही खरं आहे. पहिल्याचं मला वाईट वाटत नाही. दुसऱ्याचं फार वाटतं." मग त्या स्वतः त्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मला रडायला येत होतं. मी म्हटलं, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "तू ऐकत होतीस. गात मी होते."

शिक्षा म्हणून त्यांना बोर्डावरून काढून खालच्या मजल्यावर तक्रारींच्या टेबलावर बसवलं. एक काळा फोन, एक जाड रजिस्टर आणि खिडकीबाहेर सायकल स्टँड. फोन बंद पडला, घरघर येते, दुसऱ्याचंच बोलणं ऐकू येतं, अशा तक्रारी दिवसभर. दुसरं कुणी असतं तर कुढलं असतं. अक्कांनी तक्रारी ऐकून घ्यायला सुरुवात केली. त्या माणसाला मधे तोडायच्याच नाहीत. फोन बिघडला म्हणून सांगायला आलेला माणूस हळूहळू सून कशी वागते त्यावर यायचा, आणि अक्का 'व्हय', 'मग?' एवढंच म्हणायच्या. वर्षभरात असं झालं की काही लोक फोन चांगला असतानाही तक्रार करायचे.

पण गाणं बंद झालं होतं. दुपारी दोन वाजता काका लाईनवर यायचे आणि विचारायचे, "अक्कांची बदली रद्द झाली का हो?" सुलभा विचारायची. मी नाही म्हणायची आणि प्लग काढायची. शेवटी काकाच म्हणाले की अक्कांनी एक रेकॉर्ड काढावी, आम्ही घरी वाजवून ऐकू. मी ते खाली जाऊन सांगितलं. अक्का पेन्सिल अंबाड्यात खोचत म्हणाल्या, "आपल्या घरी वाजवायची पेटी न्हाय, आन रेकॉर्ड काढायची." पण त्यांच्या मनात ते बसलं.

आमच्या ओळखीत हमीदभाई होते. लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. माणूस आवाजाचा दर्दी. त्यांनी अक्कांची दोन गाणी टेपवर घेतली आणि मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत ओळखीनं पोचवली. दोन महिन्यांनी पत्र आलं, या म्हणून. मी हे आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या मावशीनं तर रेकॉर्ड वाजवायला ग्रामोफोन कुणाचा आणायचा तेही ठरवलं.

अक्कांच्या सोबतीला मी गेले. स्टुडिओत आम्ही पाय ठेवला तर सात वादक आणि कोरसच्या चार मुली तयार. संगीतकार सफारी घातलेले, बोलायला अतिशय सौम्य. त्यांनी अक्कांचा आवाज ऐकून मनापासून मान डोलावली. मग म्हणाले, बाई, प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबता, तिथं फार पोकळ वाटतं. ती जागा आपण भरून काढू. मुलींनी एकदा म्हणून दाखवलं. व्हायोलिनवाल्यानं मागून धून धरली. खरं सांगते, मला ते फार आवडलं. रेडिओवर लागतं तसं वाटत होतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "लई गोड हाय," त्या म्हणाल्या. "पण तितं माझे वडील हायेत."

संगीतकारांनी दाराकडे बघितलं. त्यांना वाटलं, म्हातारे बाहेर बसलेत. मग अक्कांनी समजावून सांगितलं. वडील कोण होते, मागं कसे उभे राहायचे, सगळं. म्हणाल्या, "पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या ओळी उचलल्या. माझ्या ओळीमागची जागा त्यांची. तुम्हाला ती मोकळी दिसती, पण मोकळी न्हाय ती."

संगीतकारांनी बरंच समजावलं. कोरस कमी करू, व्हायोलिन नुसतं एक ठेवू, असं म्हणाले. नुसत्या एका आवाजाला बाजारात कुणी विचारत नाही हेही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. अक्कांनी हात जोडले. पिशवीतून शेंगाच्या चटणीचा पुडा काढून व्हायोलिनवाल्याच्या हातात दिला, कारण त्यानं त्यांच्यासाठी दोनदा तार उतरवली होती. आणि आम्ही निघालो.

परतीच्या प्रवासात कुर्डुवाडीला गाडी थांबली. तिथं मी म्हटलं, "थोडं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, अक्का? तुमच्या हट्टापायी काका, सुलभा सगळी ताटकळलीत." त्यानंतर तीन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. गल्लीत मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि मला अक्कांचा राग राग यायचा.

चौथ्या आठवड्यात त्या जिना चढून वर आल्या, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बुधवारी रजा टाक. रेकॉर्डिंग हाय." मी रजा टाकली. अबोला मात्र तसाच ठेवला.

हमीदभाईंचं गोदाम पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत. तिथं घराघरात माग आणि दिवसभर खडखडाट. पाच मिनिटं शांतता मिळायची नाही. पण तेव्हा विजेची टंचाई होती आणि बुधवारी त्या भागात वीज बंद असायची. वीज नाही म्हणजे माग नाहीत. हमीदभाईंकडे सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. ते म्हणाले, "आज मागाँ बंद हैं, अक्का. इत्ती खामोशी फिर नै मिलने की. गा लेव."

गोदामात आवाज घुमत होता. तेव्हा शेजारची नरसम्मा मदतीला आली. तिच्या घरी चार माग होते. तिनं घरातल्या नव्या कोऱ्या चादरी आणून दोरीवर चारी बाजूंनी टांगल्या. मोर, कमळं, चौकटी, आणि त्यांच्या मधोमध अक्का एका स्टुलावर, मांडीवर तुणतुणं. डायल टोन तिथं नव्हता. अक्कांनी आदल्या दिवशी ऑफिसात तार जुळवून आणली होती, ती उतरली तर नाही ना, हे त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्यांना मी घाबरलेलं त्या एकाच दिवशी पाहिलं.

सकाळी दहाला सुरुवात झाली आणि दोनच्या आत अकरा गाणी झाली. चौथ्या गाण्यात बाहेर कुणाची तरी बादली विहिरीवर आपटली. हमीदभाई थांबवायला लागले तर अक्कांनी हातानंच राहू द्या म्हणून सांगितलं. सासरचं गाणं झालं तेव्हा नरसम्मा दारात बसली होती. तिचं मराठी बेताचंच. ती माझ्याकडे वळून तेलुगूत म्हणाली, "ई पाट मा इंटिदि." म्हणजे, हे गाणं आमच्या घरातलं आहे. ते मी अक्कांना सांगितलं. तीन आठवड्यांनंतर त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य तेच.

शेवटचं गाणं वडिलांवरचं होतं. ते त्यांनी आम्हाला आधी कधी ऐकवलं नव्हतं.

पुढच्याच्या डोईला फेटा, मागच्याच्या अंगाला घाम,
बाप माझा मागं उभा, त्याचं पुसलं न्हाई कुणी नाम.

ओळ संपली की अक्का थांबायच्या, आणि त्या सुनसान वस्तीत नुसती एक तार वाजत राहायची. मुंबईला मला ती जागा पोकळ वाटली होती. त्या गोदामात मला तिथं खरोखर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, आणि मी मान खाली घातली. शेवटच्या ओळीनंतर अक्का इतका वेळ थांबल्या की हमीदभाईंना टेप बंद करावी की नाही कळेना. मग त्याच म्हणाल्या, "झालं."

हमीदभाईंनी डब्यावर काय लिहू म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, तुम्हीच लिहा. त्यांनी मराठीत आणि उर्दूत दोन शब्द लिहिले: अक्का अकेली. अक्कांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा कुणाचं तरी कौतुक केलं. म्हणाल्या, "अक्षर बरं हाय तुमचं."

त्या टेपची रेकॉर्ड कधीच निघाली नाही. पुढं कॅसेटचा जमाना आला तेव्हा हमीदभाईंनी काही प्रती काढून ओळखीच्यांना वाटल्या. त्यातली एक माझ्याकडे आहे. अक्का निवृत्त होऊन अक्कलकोटला गेल्या आणि तिथंच वारल्या. त्या गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं, तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा, त्या बुधवारनंतर, प्रश्न एवढाच होता की ज्यांच्यासाठी हे केलं त्यांना ते ऐकवायचं कसं. मंगळवेढ्याला, वेळापूरला टेपरेकॉर्डर कुणाकडे होता?

मी तशी भित्री. घरात माझ्या पगाराची गरज होती आणि अक्कांचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. तरी एका दुपारी हमीदभाईंकडून तो टेपरेकॉर्डर मागून आणला, पिशवीत घालून बोर्डाच्या खोलीत नेला. माझ्या शेजारच्या मैत्रिणीला म्हटलं, तू फक्त येणाऱ्या कॉलकडे बघ, दुसरं काही करू नकोस. अकलूजला एव्हाना दोन लाईनी झाल्या होत्या, त्यांतली एक मोकळी सोडली. मग काका, सुलभा, वेळापूर, सगळ्यांना जोडलं आणि काही न सांगता टेपरेकॉर्डर माझ्या छातीवरच्या माउथपीससमोर धरला.

अकरा गाणी व्हायला पाऊण तास लागला. माझे हात भरून आले. मधे तीन कॉल आले, ते मैत्रिणीनं लावून दिले. गाणी संपल्यावर सुलभाचा फक्त श्वास ऐकू आला आणि तिनं प्लग काढला. काकांनी विचारलं, "अक्का आल्या का परत बोर्डावर?" मी म्हटलं, नाही काका, टेप होती. ते म्हणाले, "बरं, बरं," आणि तेही गेले.

साडेचारला खालून निरोप आला, अक्कांनी बोलावलंय. मी जिना उतरले. अक्का रजिस्टर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अकलूजची एक लाईन मोकळी ठेवली होतीस का?"

"होय, अक्का."

"किती कॉल आले?"

"तीन. तिन्ही लागले."

त्यांनी मान हलवली. मग रजिस्टर माझ्याकडे वळवलं. त्या दिवशीच्या तक्रारींत शेवटची नोंद होती. गाव, मंगळवेढा. तक्रार: तिसऱ्या गाण्यापासून आवाज खाली जातो. खाली अक्कांच्या गोल अक्षरात शेरा: सेल उतरले आहेत, बदलणे. त्यापुढच्या रकान्यात, जिथं दुरुस्ती करणाऱ्या माणसाची सही घेत, त्यांनी बोट ठेवलं. माझ्याकडे बघत नव्हत्या, सायकल स्टँडकडे बघत होत्या.

मी सही केली. दुसऱ्या दिवशी येताना सहा नवे सेल घेऊन आले.